सॅक्स्टन पोपचे मृगयावाङ्मय : एक भाषिक परीक्षण

मृगयावर्णनाचे परीक्षण करताना एक अडचण प्रारंभीच उभी राहते. शिकारीच्या कथेत कर्ता, साक्षीदार आणि निवेदक ह्या तिन्ही भूमिका बहुधा एकाच व्यक्तीकडे असतात. आणि जिची उलटतपासणी घ्यावी ती दुसरी बाजू कथेच्या शेवटी मेलेली असते. त्यामुळे निवेदनाचा खरेपणा बाहेरील पुराव्याने पडताळून पाहण्याची सोय क्वचितच लाभते. तो पडताळावयाचा तर निवेदनाच्या भाषेतच शिरावे लागते : क्रियापदाचा कर्ता कोण आहे, संकटाचे माप कोणत्या शब्दांनी घेतले आहे, काय सविस्तर सांगितले आहे आणि काय ओझरते उरकले आहे, हे पाहावे लागते. धनुष्यबाणाने केलेल्या मोठ्या श्वापदांच्या शिकारीसंबंधी सॅक्स्टन पोप ह्या अमेरिकन शल्यविशारदाने जे लेखन केले, ते अशा परीक्षणास विशेष अनुकूल आहे. त्यात एकाच लेखकाच्या हातून तीन निरनिराळ्या भाषा वावरतात, आणि त्या एकमेकींविरुद्ध साक्ष देतात.

पोप हा सॅन फ्रान्सिस्को येथे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयात शल्यशास्त्राचा अध्यापक होता. 'हंटिंग विथ द बो अँड ॲरो' हा त्याचा प्रमुख ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. आफ्रिकेतील मोहिमेचा वृत्तान्त असलेला 'दि ॲडव्हेंचरस बोमेन' हा ग्रंथ १९२६ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूच्याच वर्षी, निघाला. ह्या मोहिमांत आर्थर यंग हा त्याचा सहकारी होता. तो १९३५ साली वारला. ह्या दोघांच्या उदाहरणाने अमेरिकेत धनुर्धारी शिकाऱ्यांचा एक संप्रदायच निर्माण झाला. विस्कॉन्सिन राज्यात १९३४ साली हरणांच्या शिकारीकरिता धनुर्धाऱ्यांना स्वतंत्र हंगाम मिळाला, आणि १९६१ साली स्थापन झालेल्या ह्या शिकाऱ्यांच्या संस्थेने 'पोप अँड यंग क्लब' असेच नाव घेतले. ग्रंथाचा हा प्रभाव ध्यानात घेता त्याची चिकित्सा केवळ वाङ्मयीन कुतूहलाचा विषय राहत नाही. एखादी कृती कोणत्या शब्दांत सांगितली गेली म्हणजे ती इतरांना अनुकरणीय वाटते, हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

ग्रंथाची रचना सहेतुक आहे. पहिली तीन प्रकरणे इशी नावाच्या याही जमातीच्या माणसाविषयी आहेत. पोपला धनुर्विद्येची गोडी त्याच्याकडूनच लागली. मधला भाग धनुष्य, बाण व साहित्य कसे तयार करावे ह्याविषयी आहे. त्यानंतर शिकारीची प्रकरणे येतात आणि ती लहान प्राण्यापासून मोठ्याकडे चढत जातात : रॅकून, रानमांजर, कोल्हा, मग हरीण, काळे अस्वल, पहाडी सिंह आणि शेवटी ग्रिझली अस्वल. वाचकाला पायरीपायरीने शिखरावर नेण्याची ही योजना आहे. शिखरावरील प्रश्न एकच : ज्याच्या एका फटक्याने माणूस गारद होतो, अशा उग्र श्वापदासमोर केवळ लाकूड, दोरी व पोलादी पाते घेऊन उभे राहता येते काय?

पोपच्या तीन भाषांपैकी पहिली वीरकथेची होय. ग्रंथाची अर्पणपत्रिका रॉबिन हूडला आहे, आणि तिचा सूर पुढे अनेक ठिकाणी ऐकू येतो. बंदुकीने शिकार करणे फार सुलभ झाले आहे, त्यात जनावराला वाव उरत नाही. धनुर्धाऱ्याला मात्र सावजाच्या अगदी निकट जावे लागते, वारा ओळखावा लागतो, पावलाचा आवाज लपवावा लागतो, म्हणून हा सामना न्याय्य ठरतो, अशी ह्या भाषेची विचारसरणी आहे. तिच्यात तथ्य नाही असे नाही. शंभर पावलांच्या आत पोहोचण्यासाठी लागणारे कसब हे दुरून नेम धरणाऱ्याच्या कसबाहून खरोखरीच वेगळे आहे. परंतु 'सामना' हा शब्द येथे जे गृहीत धरतो ते तपासून घ्यावे लागते. सामना म्हटला की दोन पक्ष एका नियमाने एकमेकांसमोर उभे आहेत असे ध्वनित होते. वस्तुतः त्यांतील एकाच पक्षाला तो सामना असल्याचे ठाऊक असते.

दुसरी भाषा शल्यविशारदाची. ह्या भाषेत पोप लिहू लागला म्हणजे त्याचे गद्य एकदम संयमी व काटेकोर होते. निरनिराळ्या देशांतील व जमातींतील वस्तुसंग्रहालयांतली धनुष्ये घेऊन त्याने त्यांची ओढ व पल्ला मोजला आणि ते निष्कर्ष १९२३ सालीच 'अ स्टडी ऑफ बोज अँड ॲरोज' ह्या विद्यापीठीय प्रबंधात मांडले. तीच मोजमापाची वृत्ती शिकारीच्या प्रकरणांतही दिसते. गोळी आणि बाण ह्यांच्या कार्यातील भेद तो स्वच्छ सांगतो. गोळी आघाताने व हाडांचा चुरा करून जनावर पाडते. बाणाचे रुंद पाते रक्तवाहिन्या कापते आणि मृत्यू रक्तस्रावाने येतो. छातीत बाण शिरला तर फुप्फुसे निकामी होतात, परंतु जनावर त्याच क्षणी कोसळते असे नाही. ते पळते, कधी शेकडो पावले पळते, आणि शिकाऱ्याला रक्ताच्या मागावर जावे लागते.

ह्या वैद्यकीय निवेदनात पहिल्या भाषेचे खंडन आपोआपच घडते. हरणाच्या बाबतीत बाण लागल्यापासून मृत्यूपर्यंतचा अवधी हा केवळ माग काढण्याचा प्रश्न असतो. ग्रिझलीच्या किंवा सिंहाच्या बाबतीत मात्र तोच अवधी प्राणसंकटाचा होय. वर्मी बाण लागलेले, म्हणजे वैद्यकाच्या दृष्टीने मेल्यातच जमा असलेले अस्वल, मरण्यापूर्वी धनुर्धाऱ्यापर्यंत पोहोचून त्याला फाडू शकते. बाण मारतो, पण थांबवीत नाही. धनुष्याने केलेल्या उग्र श्वापदांच्या शिकारीचे सारे रहस्य ह्या एका वाक्यात साठवलेले आहे, आणि ते पोपच्या शल्यविशारदानेच वाचकाच्या हाती दिले आहे. ह्या अवधीत शिकाऱ्याचे रक्षण कोण करतो, हे पाहिल्यावाचून 'न्याय्य सामना' ह्या कल्पनेचे मोल ठरविता येत नाही.

ग्रिझलीचे प्रकरण ह्या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. १९२० साली कॅलिफोर्निया ॲकॅडमी ऑफ सायन्सेस ह्या संस्थेच्या वस्तुसंग्रहालयासाठी ग्रिझलीचे नमुने हवे होते, आणि त्यासाठी परवानगी मिळवून पोप व यंग वायोमिंग राज्यात यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या प्रदेशात गेले. नेड फ्रॉस्ट हा तेथील अनुभवी वाटाड्या त्यांच्याबरोबर होता. त्याच्यापाशी रायफल होती. पिले घेऊन फिरणाऱ्या मादीशी गाठ पडून ती चाल करून आली, तेव्हा बाणांबरोबर फ्रॉस्टची रायफलही चालली. पोप हे दडवीत नाही. गोळी कोठे लागली, बाण कोठे लागला, ह्याचा हिशोब तो शवविच्छेदकाच्या सवयीने मांडतो. पुढे आडोशाला रात्री जागून एका प्रचंड नराला यंग व पोप ह्यांनी बाणांनी मारले, त्याचा वृत्तान्त ग्रंथाचा कळस म्हणून येतो. वाचकाच्या स्मरणात हा कळस राहतो, आणि मादीच्या प्रसंगातील गोळी मात्र मागे पडते. कळस आणि तपशील ह्यांच्या मांडणीतील हा फरक निवेदनतंत्राचा आहे. त्यात खोटेपणा नाही, पण झुकाव आहे.

१९२५ साली टांगानिका प्रदेशात स्ट्यूअर्ट एडवर्ड व्हाइट ह्या कादंबरीकार-शिकाऱ्यासमवेत केलेल्या मोहिमेच्या वृत्तान्तात हा ताण अधिकच उघड होतो. तेथे सिंहाशी गाठ होती, आणि व्हाइटची रायफल हा त्या मोहिमेचा आवश्यक घटक होता. पोप तेही लिहितो. म्हणजे शिखराची उंची जसजशी वाढत गेली, तसतशी धनुष्यामागे उभी असलेली बंदूक निवेदनाच्या मध्यभागी येत गेली. ज्या शस्त्राच्या निषेधाने ग्रंथाचा प्रारंभ होतो, त्याच शस्त्राच्या छायेत त्याची परिणती घडते.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, जवळ बंदूक बाळगणे ही सावधगिरी आहे, आणि सावधगिरीला दोष देणे समीक्षकाला शोभत नाही. आक्षेप रास्त आहे. शिकाऱ्याने जीव धोक्यात घालावा अशी मागणी येथे केलेली नाही. मुद्दा शब्दयोजनेचा आहे. दोन्ही पक्षांचे संकट समान आहे असा भास निर्माण करणारी परिभाषा आणि ते समान नाही असे दर्शविणारा तपशील, ही दोन्ही एकाच ग्रंथात असतील, तर वाचकाने विश्वास तपशिलावर ठेवावा, परिभाषेवर नव्हे.

ह्या परिभाषेच्या मुळाशी इंग्रजीतील 'गेम' हा शब्द आहे. खेळ असाही त्याचा अर्थ आणि शिकारीचे जनावर असाही. 'बिग गेम', 'डेंजरस गेम' असे प्रयोग करताना वक्त्याला खेळाची जाणीव असतेच असे नाही, पण शब्दाच्या पोटात ती असते. मराठीत ह्या शब्दाला तंतोतंत प्रतिशब्द नाही. 'शिकार' हा फारसीतून आलेला शब्द कृती आणि मारलेले जनावर ह्या दोहोंना लागतो, परंतु त्यात खेळाचा अर्थ नाही. 'मृगया' हा शब्द शोध घेणे ह्या अर्थाच्या 'मृग्' धातूशी संबद्ध आहे, आणि 'मृग' ह्याचा जुना अर्थ कोणताही वन्य पशू असा व्यापक होता. 'मृगराज' ह्या सिंहवाचक शब्दात तो अद्याप टिकून आहे. 'पारध' ह्या शब्दाची कथा तर अधिकच उद्बोधक आहे. प्राकृतातील 'पारद्धि' ह्या रूपाशी त्याचा संबंध लावला जातो, आणि संस्कृत कोशांत शिकारीला 'पापर्द्धि', म्हणजे पापाची वृद्धी, असे नाव आढळते. हे संस्कृत रूप मागाहून बनविलेले असावे असे मानण्यास जागा आहे. तथापि ज्यांनी ते बनविले त्यांना शिकार कशी दिसत होती, हे त्यातून कळते. इंग्रजी शब्दाने शिकारीला खेळाच्या पंक्तीस बसविले. ह्या कोशकारांनी तिची नोंद पापाच्या खात्यावर केली.

परंतु मराठीने ह्यावरून आत्मसंतुष्ट होण्याचे कारण नाही. उग्र पशूंना आपण 'हिंस्र श्वापदे' म्हणतो. हिंसा हा त्या पशूंचा स्वभावधर्म आहे असे ह्या विशेषणाने ठरवून टाकले जाते. यलोस्टोनमधील मादीच्या प्रसंगी हे विशेषण कोणाला लावावयाचे? पिले सोबत असलेल्या मादीने आपल्यावर आलेल्या संकटाला तोंड दिले, आणि ज्यांनी ते संकट आणले ते एका संस्थेसाठी नमुने गोळा करीत होते. 'हिंस्र' ह्या शब्दाच्या वापराने आक्रमण आणि प्रतिकार ह्यांची अदलाबदल होते. शिकारकथांचा अनुवाद करणाऱ्याने ह्या एका शब्दापाशी तरी क्षणभर थांबावे.

व्याकरणाची साक्षही येथे उपयोगी पडते. शिकारकथेत निर्णायक क्षणी बाण हा वाक्याचा कर्ता होतो : तो सुटतो, लागतो, शिरतो, दिसेनासा होतो. पोपच्या लेखनातही हे वळण सर्वत्र आहे. सोडणारा माणूस त्या क्षणापुरता वाक्यातून बाजूला होतो, आणि जनावर पडल्यानंतर पुन्हा प्रथमपुरुषी सर्वनामाने प्रवेश करतो. मराठीत ही पळवाट थोडी अरुंद आहे. 'त्याने अस्वल मारले' असे म्हणताना क्रियापदाचे लिंगवचन अस्वलाप्रमाणे चालते. मारणारा तृतीयेत जातो. भूतकाळातील सकर्मक वाक्यात मराठीचे व्याकरण मारणाऱ्यापेक्षा मेलेल्याशी अधिक संवाद राखते. ह्यावरून मराठी भाषकांचे नीतिशास्त्र अनुमानणे अशास्त्रीय ठरेल; 'शिकार झाली' असे म्हणून कर्ता पार नाहीसा करण्याची सोय मराठीतही आहेच. पण भाषांतरकाराला कोठे काय हरवते आणि कोठे काय उघडे पडते हे कळण्यासाठी ही तुलना उपयुक्त आहे.

आता तिसरी भाषा, म्हणजे इशीची. १९११ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल येथे एका कत्तलखान्याच्या आवारात तो सापडला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वसाहतवाल्यांच्या बंदुकांनी त्याची जमात जवळजवळ नाहीशी केली होती आणि उरलेली चार माणसे लपूनछपून जगत होती. त्यांतला तो शेवटचा. स्वतःचे नाव तो सांगत नसे. 'इशी' हा 'माणूस' अशा अर्थाचा त्याच्या भाषेतील शब्द मानवशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबरने त्याला नाव म्हणून दिला. सॅन फ्रान्सिस्कोतील विद्यापीठाच्या वस्तुसंग्रहालयात त्याचा निवास होता. लगतच्या रुग्णालयात काम करणारा पोप त्याचा वैद्य झाला, मित्र झाला आणि शिष्यही झाला.

इशीच्या विद्येची नोंद पोपने १९१८ सालच्या 'याही आर्चरी' ह्या प्रबंधात आणि पुढे ग्रंथाच्या आरंभीच्या प्रकरणांत केली. ती त्याच्या लेखनातील अत्यंत मोलाची पाने होत. धनुष्य पहाडी जुनिपरच्या लाकडाचे, पाठीवर स्नायूंचे तंतू बसविलेले. बाण हेझलच्या काठीचे. धनुष्याला इशी 'मान-नी' आणि बाणाला 'सा-वा' म्हणे, असे पोप लिहितो. शिकारीच्या आदल्या दिवशी इशी मासे खात नसे, तंबाखू ओढीत नसे; पहाटे ओढ्यात स्नान करी, सुवासिक पाल्याने अंग चोळी आणि उपाशीपोटी निघे. धनुष्य उभे ठेवू नये, त्याला विसावा मिळत नाही, ते घामेजते व दुबळे होते, अशी त्याची श्रद्धा होती. गंध लपविण्याची दक्षता आणि शस्त्राला सजीव मानण्याची वृत्ती ह्या दोहोंत त्याच्या लेखी भेद नसावा. पोप पहिलीला तंत्र म्हणून स्वीकारतो आणि दुसरीला समजूत म्हणून नोंदवितो.

भाषावैज्ञानिकाच्या दृष्टीने ह्या नोंदींना एक मोठी मर्यादा आहे. पोपने शब्द टिपले ते इंग्रजी कानाने. इशीची भाषा शास्त्रशुद्ध रीतीने टिपून घेण्याचे काम एडवर्ड सपीरने १९१५ च्या उन्हाळ्यात केले, आणि तेव्हा इशीला क्षयाची बाधा जडलेली होती. १९१६ च्या मार्चमध्ये तो वारला. इशी ज्या याना भाषाकुलाचा होता त्यात पुरुषांनी पुरुषांशी बोलताना वापरावयाची रूपे आणि इतर प्रसंगांची रूपे भिन्न असतात, हे सपीरने पुढे १९२९ साली दाखवून दिले. बरोबरीच्या पुरुषांत चालणारे शिकारीचे बोलणे ह्यांतील पहिल्या रूपांत होत असावे. ती ऐकायला इशीच्या जमातीचा एकही पुरुष उरला नव्हता. त्याने आपली विद्या परक्यांना शिकविली ती तुटक इंग्रजीत आणि मुख्यतः हातांनी. म्हणून पोपच्या ग्रंथात गुरू दिसतो, त्याची कृती दिसते, पण त्याचे वाक्य ऐकू येत नाही.

ह्या पार्श्वभूमीवर ग्रंथातील गुरुपरंपरेचा दावा तपासला पाहिजे. इशीची बाण ओढण्याची रीत अंगठ्याची होती. पोपने ती सोडून इंग्रजी पद्धतीची बोटांची ओढ आणि यू वृक्षाचे लांब, अधिक ओढीचे धनुष्य स्वीकारले. दबकत जाणे, वारा पाहणे, जनावराला हाक घालणे हे त्याने इशीकडून घेतले. शस्त्र व आदर्श मात्र इंग्लंडकडून. इशीच्या लोकांनी अस्वले मारली ती पोटासाठी व संरक्षणासाठी, अनेकांनी मिळून, अग्नीचे कडे करून, असे पोपच सांगतो. अस्वलाशी एकट्याने 'न्याय्य सामना' करण्याची कल्पना त्या परंपरेत नाही. ती रॉबिन हूडच्या अर्पणपत्रिकेतून आलेली आहे. पहिल्या तीन प्रकरणांनी जे प्रामाण्य मिळविले ते शेवटच्या प्रकरणांत दुसऱ्याच परंपरेच्या खाती जमा झाले, असा निष्कर्ष काढावा लागतो.

शल्यविशारदाच्या भाषेलाही मर्यादा आहेच. इशीच्या मृत्यूनंतर त्याचे शवविच्छेदन होऊ नये असे क्रोबरने न्यूयॉर्कहून लेखी कळविले होते. तरी ते झाले. इशीचा वैद्यकीय इतिहास पोपने १९२० साली, म्हणजे यलोस्टोनच्या मोहिमेच्याच वर्षी, प्रसिद्ध केला. इशीचा मेंदू १९१७ साली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे गेला आणि २००० साली याना वंशाशी नाते असलेल्या जमातींच्या स्वाधीन करण्यात आला. मोजमापाची भाषा वीरकथेपेक्षा प्रामाणिक असते. पण कोणाचे मोजमाप घ्यावे आणि कोठे हात आवरावा, हे ती भाषा स्वतःहून सांगत नाही.

ग्रिझलीचे दैवही ह्याहून फारसे वेगळे नाही. ज्या १९११ साली इशी प्रकट झाला, त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने ग्रिझलीचे चित्र असलेला ध्वज अधिकृत केला. पुढे १९२२ साली त्या राज्यातील शेवटचे ज्ञात ग्रिझली मारले गेले. कॅलिफोर्नियाच्या वस्तुसंग्रहालयाला अस्वले वायोमिंगहून आणावी लागली ती कॅलिफोर्नियात ती जवळजवळ उरली नव्हती म्हणून. याही जमात आणि ग्रिझली ह्या दोहोंना संपविणारे शस्त्र एकच, बंदूक. पोप तिचा निषेध करतो तेव्हा तो खेळातील अन्यायाचा निषेध असतो. गुरूच्या दृष्टीने ह्याच शस्त्राचा अर्थ काय होता, हे सांगण्याची संधी ग्रंथाला पहिल्या प्रकरणात मिळाली होती, आणि तेथे ती अंशतः साधलीही आहे. शेवटच्या प्रकरणापर्यंत मात्र ती जाणीव पोहोचत नाही.

एकंदर मूल्यमापन करावयाचे तर पोपचा ग्रंथ शिकारवाङ्मयातील सामान्य आत्मप्रौढीच्या पुस्तकांहून पुष्कळच वरचा आहे. कारण त्याच्या लेखकाने आपल्याविरुद्ध जाणारा पुरावा नष्ट केलेला नाही. मादीवर झाडलेली गोळी, आफ्रिकेतील रायफल, रक्तस्रावाला लागणारा वेळ, सोडून दिलेली इशीची रीत, हे सर्व त्यानेच लिहून ठेवले आहे. त्याच्या वीरकथेवर विश्वास ठेवून ज्यांनी त्याचे अनुकरण केले, त्यांनी ग्रंथाचा दुबळा भाग उचलला. विद्यार्थ्याने त्याचा सबळ भाग वाचावा : बाण कोठे लागला, जनावर किती चालले, मागे कोण उभे होते. ह्या तीन प्रश्नांची उत्तरे जी शिकारकथा देते ती साक्ष म्हणून ग्राह्य धरावी. जी देत नाही ती कितीही रोमहर्षक असली तरी तिला ऐकीव गोष्टीपेक्षा अधिक मोल देऊ नये.